दोन शेपट्यांचा रायटर

बाळेगद्द्याचे विघ्नेश्वर हेगडे कोर्टावर खूश होते, कारण तिथे कुणालाच घाई नसते. त्यांचा खटला शिरसीला सहा वर्षं चालू होता. तारीख मिळाली की ते स्वच्छ धोतर नेसून बसने जायचे, पुढची तारीख घ्यायचे, येताना बाजार करायचे आणि दुपारच्या जेवणाला घरी असायचे. एवढ्या काळात खटला पुढे सरकला नव्हता, पण मागेही गेला नव्हता, आणि हेगड्यांच्या मते ही काही वाईट प्रगती नव्हती.

खटला एका फणसाचा. झाड उभं होतं त्यांच्या सुपारीच्या बागेच्या आणि शेजारच्या सुब्राय भट्टाच्या बागेच्या बांधावर, अगदी मधोमध. सुब्राय म्हणजे परका कोणी नव्हे, हेगड्यांच्या धाकट्या बहिणीचा, शरावतीचा नवरा. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्यालाही ‘भाव’ म्हणतात आणि बायकोच्या भावालाही ‘भाव’च म्हणतात, त्यामुळे पूर्वी हे दोघं एकमेकांना एकाच नावाने हाका मारायचे. नोटीस निघाली त्या दिवसापासून हाका बंद झाल्या. शरावतीने मात्र कुणाचीच बाजू घेतली नाही. हेगडे चार वर्षांपूर्वी विधुर झाले, तेव्हापासून ती रोज दुपारी बांध ओलांडून भावाला डब्यात आमटी-भाजी आणून द्यायची. खटल्याच्या तारखेलाही आणायची. त्या दिवशी तिखट थोडं जास्त असायचं, इतकंच.

तर अशा या निवांत खटल्यात एके दिवशी अचानक घाई शिरली. हेगड्यांच्या वकील रोहिणी शानभाग यांचा फोन आला.

“हेगडे, दोन्ही बाजूंनी आपापले व्हिडिओ दाखल करायचेत. नऊ दिवस आहेत.”

“आहेत की माझ्या मोबाइलवर. शेहेचाळीस आहेत. कोण कधी फणस तोडून नेतो, सगळं आहे. मोबाइलच आणून दाखवतो.”

“मोबाइल चालत नाही. डीव्हीडीवर द्यायचं. एक कोर्टाला, एक समोरच्यांना, एक आपल्या फाइलला.”

“मग दुकानातून काढून आणतो.”

“आणा. पण मग डीव्हीडी खरी आहे असं प्रमाणपत्र त्या दुकानदाराला द्यावं लागेल, आणि उलटतपासणीला त्यालाही बोलावतील. तुमच्याकडे लॅपटॉप आहे ना? घरीच काढा. सही तुमची, भानगड मिटली. आणि सही करण्याआधी डीव्हीडी शेवटपर्यंत लावून बघा. अर्धी कोरी निघाली तर माझी शोभा होते.”

हेगड्यांनी लॅपटॉप उचलला आणि बाजारात बैल पाहावा तसा चारी बाजूंनी पाहिला. डीव्हीडी घालायला कुठे जागाच नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तो घेतला तो पातळ आणि हलका म्हणून, तबकडीची खोबण नसलेलं मॉडेल स्वस्त पडतं हे कळल्यावर तर ते दुकानदाराला म्हणालेही होते, “नसू दे, आम्हाला कुठे सिनेमे बघायचेत?”

आता बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर घेणं आलं. घ्यायचा तर स्वस्तातला. तीन डीव्हीड्या काढायच्या आणि मग तो आयुष्यभर कपाटात पडणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. नऊपैकी तीन दिवस त्यांनी अभ्यासात घालवले. मोबाइलवर लोकांचे अभिप्राय वाचून ते वहीत उतरवून काढले. एका रायटरबद्दल कुणीतरी लिहिलं होतं, ‘दुसऱ्या दिवशी मेला.’ त्याच रायटरला दुसऱ्याने पाच तारे देऊन लिहिलं होतं, ‘उत्तम वस्तू, अजून खोका उघडलेला नाही.’ सगळ्यात स्वस्त होता तो दहाव्या दिवशी घरी पोचणार होता. सहा दिवसांत पोचणारा महाग होता. चौथ्या दिवशी हेगडे वही पिशवीत घालून शिरसीच्या बसमध्ये बसले.

शिरसीत संगणकाची दुकानं बरीच, पण असली जुनी वस्तू ठेवणारा एक अल्ताफच. हेगडे त्याच्या दुकानाची पायरी चढले आणि थबकले. काउंटरला टेकून, घाम पुसत, सुब्राय भट्ट उभा होता.

सुब्रायने मान वळवून पाहिलं आणि लगेच परत अल्ताफकडे तोंड केलं. हेगडे काउंटरच्या दुसऱ्या टोकाला गेले.

“बोला हेगडे,” अल्ताफ म्हणाला.

“डीव्हीडी रायटर आहे का? बाहेरून जोडायचा. स्वस्तातला.”

अल्ताफ हसला. “वर्षभरात कोणी विचारलं नव्हतं. आज दहा मिनिटांत दोघं.” त्याने काउंटरवर मांडून ठेवलेले तीन नग मध्यभागी सरकवले. “एवढेच आहेत. हा नामांकित कंपनीचा, दोन वर्षांची हमी, महाग. हा बिननावाचा, नवा, याच्या निम्म्यात. आणि हा मी जुन्या लॅपटॉपमधून काढून डबीत बसवलाय. पाचशे द्या नि घेऊन जा.”

“याची हमी किती?” हेगड्यांनी तिसऱ्यावर बोट ठेवलं.

“दुकानाच्या पायरीपर्यंत.”

“चालतो का पण?”

“माझ्याकडे चाललाय. तुमच्याकडे त्याची मर्जी.”

सुब्राय अल्ताफकडे बघतच म्हणाला, “त्यांना सांगा, असल्या भंगारावर काढलेली डीव्हीडी कोर्टात उघडली नाही, तर म्हणू नका की समोरच्याने करणी केली.”

हेगडेही अल्ताफलाच म्हणाले, “त्यांना सांगा, ज्यांच्याकडे लॅपटॉपच नाही त्यांनी रायटर घेऊन काय करायचं? फणसाला लावायचा?”

सुब्रायकडे लॅपटॉप नव्हताच. तो भाड्याने मिळेल का हे विचारायलाही तो आला होता, आणि अल्ताफने नाही म्हटलं होतं.

“तूच काढून दे की रे, अल्ताफ,” सुब्राय म्हणाला. “काय ते पैसे घे.”

“अय्यो मारायरे, नाही हो! मागे एकाला काढून दिली तर तीन वेळा साक्षीला जावं लागलं. दुकान बंद ठेवून. तिसऱ्या वेळी वकील विचारतो, ‘तुम्ही आरोपीचे कोण?’ मी म्हटलं, ‘गिऱ्हाईक मिळतंय म्हणून खूश झालेला मूर्ख.’” त्याने दोघांकडे पाहिलं. “मी एक बोलू? गाव एक, तारीख एक, काम एक. यांच्याकडे लॅपटॉप आहे. तुम्हाला लॅपटॉप हवाय. रायटर एकच घ्या, अर्धे अर्धे द्या. नंतर तर दोघांच्याही घरी धूळच खाणार आहे.”

एकमेकांची तोंडं बघायची नाहीत हे दोघांना पाठ होतं. पण ‘अर्धे’ हा शब्द हेगड्यांच्या कानात शिरला तो बाहेर निघेना. शेवटी ते भिंतीकडे पाहून म्हणाले,

“वकिलाला विचारावं लागेल.”

विचारलं. शानभागबाई म्हणाल्या, “कायद्यात मनाई नाही. तुम्ही फक्त त्यांच्या व्हिडिओला हात लावू नका आणि त्यांनी तुमच्याला लावायचा नाही. त्यांच्या मोबाइलवरच्या व्हिडिओंचं प्रमाणपत्र त्यांनी द्यायचं, लॅपटॉप तुमचा म्हणून तुम्हीही एक सही करा. हेगडे, हे असं मी पहिल्यांदाच ऐकतेय.”

मग निवड सुरू झाली. हेगडे पाचशेच्या नगावर अडून बसले. सुब्राय नामांकित कंपनीशिवाय बोलायला तयार नव्हता. पाऊण तास गेला. अल्ताफने मध्ये चहा मागवला. बोलणं ‘त्यांना सांगा’ वरून हळूहळू ‘काहींना कळत नाही’ वर आलं आणि शेवटी सुब्राय वैतागून एकदम म्हणाला, “भावा, मरताना बरोबर नेणार आहेस का पैसे?”

हाक तोंडातून निघून गेली ती गेलीच. सुब्रायने चहाचा रिकामा पेला तोंडाला लावला. हेगडे खाली बघत म्हणाले, “मधला घेऊ.”

मधला म्हणजे बिननावाचा. तो दोघांनाही नको होता. सहा वर्षांत त्यांचं एकमत झालेली ही पहिली वस्तू. हेगड्यांनी पन्नास रुपये कमी करून घेतले आणि आठ कोऱ्या डीव्हीड्या घेतल्या. सुब्रायने दहा घेऊ म्हटलं, तर यांनी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सुब्राय बांध ओलांडून आला. ओसरीच्या पायरीपाशी उभा राहून त्याने आधी खाकरून घेतलं. मागून शरावती आली. तिच्या हातात डबा होता, आणि तोंडावर असं काही होतं की दोघांनीही तिच्याकडे बघायचं टाळलं.

रायटरला एकच वायर होती, पण शेवटी तिला दोन फाटे फुटलेले, दोन शेपट्या. हेगड्यांनी एक लॅपटॉपला लावली. दुसऱ्या खोबणीत माउस होता.

“दुसरी शेपटी?” सुब्रायने विचारलं.

“जास्तीची असेल. एक तुटली तर म्हणून.”

रायटर घुरघुरला, त्याचा हिरवा दिवा लुकलुकला, निम्म्यापर्यंत काम आलं आणि ‘टक’ असा आवाज करून तो मेला. पहिली डीव्हीडी गेली. दुसरी पाऊण वाटेत गेली.

“मी म्हटलं होतं दहा घे,” सुब्राय म्हणाला.

“तू कंपनीचाही घे म्हटलं होतंस. तोही असाच मेला असता, महागात.”

“पोटाला कमी पडतंय त्याला,” शरावती आतून म्हणाली. ती विळीवर काकडी चिरत होती. “दोन तोंडं दिलीत तर दोन्हींनी खाऊ घाला. तो उंदीर काढा आधी.”

माउस काढला, दुसरी शेपटी लावली आणि रायटर एका सुरात फिरू लागला. वीस मिनिटांनी तबकडी गरम होऊन बाहेर आली. दोघांनीही ती जावळ काढलेल्या बाळासारखी हळूच कडेने धरली.

मग सुब्रायचीही निघाली. आता तपासायचं. आधी हेगड्यांचे शेहेचाळीस व्हिडिओ. सुब्रायचे गडी फणस तोडताहेत, सुब्राय शिडी धरून उभा आहे, शरावती डोक्यावर फणस घेऊन चालली आहे; मग पुन्हा शरावती, पुन्हा शरावती.

“हे बरं आहे,” शरावती हात पुसत बाहेर आली. “दादाच्या डीव्हीडीत मी चोर. आता ह्यांच्यात बघू मी कोण ते.”

सुब्रायच्या डीव्हीडीत ती मालकीण होती. तेच फणस, तीच शरावती. फक्त व्हिडिओ बांधाच्या पलीकडून काढलेले. तिने दोन्ही पक्षांना सांगून टाकलं की साक्षीला बोलावलंत तर दोन साड्या लागतील, एक चोराची नि एक मालकिणीची.

अकराव्या व्हिडिओपाशी सुब्रायने अचानक हात पुढे केला. “भावा, हा राहू दे. हा ठीक आहे. मी घरी बघितलाय.”

“शेवटपर्यंत बघायचं असं वकिलांनी सांगितलंय. मला सही करायची आहे.”

“अरे, ऐक तरी. माझा वकील म्हणाला घालायलाच हवा. मला नव्हता घालायचा.”

“म्हणजे माझ्याविरुद्ध भक्कम असणार. मग तर बघायलाच हवा,” असं म्हणून हेगड्यांनी तो लावला.

व्हिडिओ सात वर्षांपूर्वीचा होता. सुब्रायने तेव्हा नवा मोबाइल घेतला होता आणि दिसेल त्याचे व्हिडिओ काढत सुटला होता. फणसाखाली पोत्यावर यमुना बसली होती. हेगड्यांची बायको. तिने कोपरापर्यंत खोबरेल लावलं होतं आणि ती फणस चिरत होती. मान वर करून ती हसली.

“काय हो सुब्रायण्णा, माझा काय व्हिडिओ काढताय? हे घ्या, दरवर्षीसारखा अर्धा तुमचा, अर्धा आमचा. आणि ह्यांना सांगू नका हं. हे गरे मोजत बसतील.”

मागून शरावतीचं हसू ऐकू आलं आणि व्हिडिओ संपला. एकोणीस सेकंदांचा होता.

रायटर फिरत राहिला. हेगड्यांकडे यमुनेचे फोटो होते, लग्नातले, नातेवाइकांकडच्या मुंजीतले. आवाज कुठेच नव्हता. तिचा आवाज कसा होता हे आपल्याला आठवतं अशी त्यांची समजूत होती. आता कळलं की ते आठवत होते तो दुसराच कुठला तरी होता. खरा याहून बारीक होता, आणि ‘हं’ म्हणताना थोडा वर जायचा.

त्यांनी व्हिडिओ परत लावला. मग आणखी एकदा. शरावती उठून आत गेली.

“मी कधीच पाठवला असता तुला,” सुब्राय म्हणाला. “पण ती गेली तेव्हा आपलं बोलणं बंद होतं. नंतर वाटलं, तू म्हणशील मुद्दाम डिवचतोय.”

“म्हटलंच असतं,” हेगडे म्हणाले.

सुब्रायने तिथेच बसल्या बसल्या तो त्यांच्या मोबाइलवर पाठवला. हेगड्यांनी मान हलवली, पण समाधान दिसेना. “मोबाइल पाण्यात पडतो, बिघडतो. ही डीव्हीडी किती वर्षं टिकते?”

“अल्ताफला विचार.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने ते शिरसीला गेले. अल्ताफ म्हणाला, “तुम्ही नेल्यात त्या? पाच-सात वर्षं टिकतील, नशीब असेल तर दहा.” मग मागच्या फळीवरून त्याने एक जाड डबी काढली. आत एकच तबकडी होती, सोनेरी. “ही शंभर वर्षं टिकते असं कंपनी म्हणते. एका फोटोवाल्याने मागवलेली, त्याने दुकानच बंद केलं. महाग आहे पण, हेगडे. तुमच्या रायटरच्या जवळपास जाईल.”

हेगड्यांनी खिशात हात घातला. वही पिशवीतच राहिली. ते डबी घेऊन पायऱ्या उतरले तेव्हा अल्ताफ त्यांच्याकडे बघत राहिला. पन्नास रुपये कमी करायची त्याची तयारी होती, ती वायाच गेली.

तारखेच्या आदल्या दिवशी शानभागबाईंनी समोरच्यांची डीव्हीडी पाहिली आणि त्या अकराव्या व्हिडिओपाशी थांबल्या.

“हा आपल्याला महागात पडेल. झाड फक्त तुमचं म्हणतोय आपण, आणि तुमचीच बायको म्हणतेय दरवर्षी अर्धा अर्धा. पण घाबरू नका. हा व्हिडिओ मान्य नाही, आवाज माझ्या पत्नीचा नाही, असं लिहून देऊ. सिद्ध करायचं ते त्यांनी करावं. त्यात दोन वर्षं सहज जातील.”

दोन वर्षं म्हटल्यावर एरवी हेगडे खुलले असते.

“आवाज तिचाच आहे,” ते म्हणाले.

“ते मला ठाऊक आहे हो. मी म्हणतेय, कागदावर...”

“कागदावरही तिचाच आहे. ती माझी बायको नाही असं मी लिहून देणार नाही, बाई.”

“बायको नाही असं नाही हो लिहायचं! आवाज फक्त.”

“आवाजच तर आहे तो.”

शानभागबाईंनी पेनचं टोपण लावलं. “मग खटला हराल.”

“हरेन तर हरेन. अर्धाच ना? ती पूर्वीपासून देतच होती अर्धा. मलाच मोजता आलं नाही.”

कोर्टात हेगड्यांनी व्हिडिओ मान्य केला. समोरच्या वकिलाने भारी तयारी केली होती. यमुनेला ओळखणारे चार साक्षीदार उभे करायची यादीच काढली होती. ती त्याने घडी करून खिशात घातली आणि जरा हिरमुसला. पुढच्याच महिन्यात तडजोड झाली. झाड दोघांचं, फळ निम्मंनिम्मं. सहा वर्षं, दोन वकील, सत्तरेक बसफेऱ्या करून दोघं पोचले ते बरोबर यमुनेच्या पोत्यापाशी.

त्या उन्हाळ्यात फणस उतरवले तेव्हा ते तेरा भरले. सहा इकडे, सहा तिकडे झाले आणि तेरावा मध्ये राहिला. हेगडे म्हणाले, “तू ने.” सुब्राय म्हणाला, “छे, तू ने.” हेगड्यांना राग आला, ने म्हटलं तर न्यायला काय होतं? सुब्रायलाही आला. दोघांचे आवाज असे चढले की पलीकडच्या बागेतली माणसं बघायला आली. शेवटी शरावतीने तो फणस उचलला आणि त्याचे पापड लाटून हेगड्यांच्या अंगणात वाळत घातले, कारण ऊन तिकडे चांगलं पडतं.

पापडांना कावळे लागतात. म्हणून सुब्राय काठी घेऊन येऊन बसला, आणि त्याला नीट हाकलता येत नाही म्हणून हेगडेही.

“अरे, तिकडे बघ, तिकडे! तो घेऊन चालला,” हेगडे म्हणाले.

“नेऊ दे एखादा, भावा.”

“एखादा? सकाळपासून चार नेले त्याने.”

“मोजलेस?”

हेगड्यांनी सुब्रायच्या हातातली काठी घेतली आणि ते उठून उभे राहिले.